बार्शीत बसून ब्लॉकचेनवाल्यांशी ओळख कशी काढायची?

ताई,

मी बार्शीची. यंदा सोलापूरच्या एका खासगी कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअर झाले. शेवटच्या वर्षी सॉलिडिटी (ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) शिकून ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांकडे सारखी प्रत असलेल्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदवहीवर, प्रोजेक्ट केला: शेतमाल शेतातून दुकानापर्यंत कसा गेला याची नोंद ठेवणारा. तेव्हापासून याच क्षेत्रात काम करायचं डोक्यात आहे. कॅम्पसला यातली एकही कंपनी आली नाही. लिंक्डइनवर रोज अनोळखी लोकांना 'प्लीज रेफर मी' असा मेसेज टाकते, कुणी उत्तर देत नाही. जो तो म्हणतो नेटवर्किंग कर. पण मी भिडस्त आहे, इंग्रजी वाचते-लिहिते पण बोलताना अडखळते, आणि आमच्या घरात आयटीतलं कुणीच नाही. पुण्यातल्या एका क्लासने नोकरीच्या हमीसह ८५ हजारांचा कोर्स सांगितलाय. टेलिग्रामवर एका प्रोजेक्टने 'कॅम्पस अ‍ॅम्बॅसेडर' होशील का विचारलंय, मोबदला त्यांच्या टोकनमध्ये, म्हणजे त्यांनीच काढलेल्या डिजिटल नाण्यात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या मते हा सगळा बिटकॉइनचा सट्टा आहे, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. मी काय करू? बंगळुरूला जाऊन राहावं का? आणि माझी मैत्रीण बी.कॉम. झालीय, तिच्यासाठी यात काही आहे का?

— एक वाचक, बार्शी

प्रिय बार्शीकर,

तुझे प्रश्न बरेच आहेत, पण सगळं अडलंय ते 'प्लीज रेफर मी' या मेसेजपाशी. तिथूनच सुरुवात करते.

मी पुण्यात पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि माणसं निवडायचं काम माझ्याकडे वरचेवर येतं. तू पाठवतेस तसे मेसेज मलाही येतात. रेफर करायचं म्हणजे मी माझ्या साहेबांना जाऊन सांगायचं की ही मुलगी कामाची आहे, हिला बोलवा. ते सांगायला मला तुझं काहीतरी काम माहीत हवं. मेसेजमध्ये असतं तुझं नाव, कॉलेजचं नाव आणि 'मी खूप मेहनती आहे' एवढंच. तेवढ्यावर मी शब्द कसा टाकू? म्हणून लोक गप्प बसतात. त्यात तुझा अपमान नाही, त्यांच्यापाशी तुझ्याबद्दल सांगायला काही नाही इतकंच. तेव्हा हे मेसेज आजपासून बंद कर.

घरात कुणी आयटीत नाही ही तुझी खंत मला कळते, पण ती तू समजतेस तेवढी मोठी अडचण नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना गाठून विचारलं होतं, ज्या माणसाकडून तुम्हाला या नोकरीबद्दल कळलं त्याला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होता? १९७३ साली ते निष्कर्ष छापून आले. वारंवार भेटत होतो म्हणणारे १७ टक्क्यांच्या आसपास, अधूनमधून भेटत होतो म्हणणारे सुमारे ५६ टक्के आणि क्वचितच म्हणणारे जवळजवळ २८ टक्के. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवरून असाच अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात ही गोष्ट आणखी नेमकी झाली: फार घट्ट ओळख नोकरीसाठी तितकी उपयोगी पडत नाही आणि अगदी नावापुरती ओळखही पडत नाही. सगळ्यात कामी येते ती मधली, थोडी सैल ओळख.

आता ही मधली ओळख म्हणजे कोण, ते तुझ्यापुरतं ठरवू. ज्या माणसाने तुझं काम दोन-चार वेळा डोळ्यांनी पाहिलंय, तो. तुझ्या घरी तो कधी आला नसेल, तुझा चेहराही त्याने पाहिला नसेल, पण तुझं नाव दिसल्यावर 'अरे हो, हिने ते अमुक दुरुस्त केलं होतं' असं त्याला आठवतं. असे आठ-दहा जण तुझ्या खात्यावर जमा झाले की लोक ज्याला नेटवर्क म्हणतात ते तुझ्याकडे आलं.

आणि यासाठी तू निवडलेलं क्षेत्र फार सोयीचं आहे. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत बँकेचं सॉफ्टवेअर बनत असेल तर बाहेरच्या माणसाला त्याची एक ओळही दिसत नाही. ब्लॉकचेनमधलं बरंचसं काम उघड्यावर चालतं. बिटकॉइनचा आणि इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो. इथेरियममध्ये काही बदलायचं तर प्रस्ताव लिहून सगळ्यांसमोर मांडावा लागतो, त्यावरच्या हरकती आणि उत्तरं सगळी जाहीर. मुख्य डेव्हलपरांच्या बैठका यूट्यूबवर बघता येतात, त्यांची विषयपत्रिका आधी गिटहबवर लागते. म्हणजे ज्यांच्याशी तुला ओळख काढायची आहे ते काय करताहेत, कुठे अडलेत, कशावरून वाद घालताहेत हे तू बार्शीत घरी बसून वाचू शकतेस. इतकी उघडी दारं मला दुसऱ्या कुठल्याच धंद्यात दिसलेली नाहीत.

आता प्रत्यक्षात पहिलं पाऊल कसं टाकायचं ते सांगते.

तू प्रोजेक्टमध्ये वापरलेलं एखादं साधन घे. सॉलिडिटीचा कोड लिहायला-तपासायला लागणारं हार्डहॅट असेल, फाउंड्री असेल, ओपनझेपेलिनची तयार कोडची लायब्ररी असेल, किंवा त्यांच्याभोवती बनलेलं एखादं छोटं साधन. छोटं असेल तर उत्तमच, कारण तिथे माणसं कमी असतात आणि येणाऱ्याची किंमत जास्त. त्याची सुरुवातीची माहिती उघड आणि जणू तुला काहीच येत नाही असं धरून एकेक पायरी अक्षरशः तशीच कर. तुझा लॅपटॉप विंडोजचा असेल, माहिती लिहिणाऱ्याचा मॅक होता. चौथ्या-पाचव्या पायरीला कुठेतरी अडेलच. एखादी आज्ञा चालणार नाही, किंवा नोडची आवृत्ती जुळणार नाही, किंवा उदाहरणातला कोड नव्या आवृत्तीत मोडलेला असेल. एरवी आपण वैतागतो, गूगल करतो, मार्ग काढतो आणि विसरून जातो. तू तिथेच थांब आणि लिहून काढ. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, माझ्याकडे कोणत्या आवृत्त्या आहेत. एररचा फोटो टाकू नकोस, अक्षरं जशीच्या तशी चिकटव, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधताना सापडतील. आधी कुणी हीच तक्रार नोंदवली आहे का ते पाहा. नसेल तर नोंदव. उत्तर तुला सापडलं असेल तर दुरुस्तीही तूच पाठव.

मग कुणीतरी उत्तर देईल, बहुतेक दोन ओळींचं: हे वाक्य इथे नको, वरच्या भागात हलव, आणि लिनक्सवरही एकदा चालवून बघ. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, या लोकांची बोलायची रीतच तशी. शक्यतो त्याच दिवशी बदल करून दे आणि चालवून पाहिल्याचं कळव. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो माणूस तुला नावाने ओळखायला लागतो. नेटवर्किंग म्हणून मी तुला जे काही सांगणार आहे त्याचा गाभा हाच आहे.

इथे एक ताकीद. स्वल्पविराम बदलून किंवा एआयकडून लिहून घेतलेला, स्वतः न चालवलेला कोड पाठवून हजेरी लावणाऱ्यांचा लोंढा या प्रकल्पांवर सतत येत असतो आणि ते चालवणारे त्याला विटले आहेत. त्यांच्या वेळेची तुला कदर आहे हे तुझ्या पहिल्या तक्रारीतूनच दिसायला हवं. महिन्यात दोनच गोष्टी पाठव, पण खऱ्या अडचणीतून आलेल्या.

एवढं झाल्यावर मेसेज पाठवायला हरकत नाही. सोप्या इंग्रजीत, साधारण असा: "नमस्कार. तुमच्या साधनातल्या चाचण्यांच्या पानावरची दुरुस्ती गेल्या महिन्यात मी पाठवली होती. ते करताना दिसलं की जुन्या आवृत्तीवरून नव्यावर येणाऱ्यांसाठी माहितीच नाही. मी ती लिहायला घेतली आहे, कच्चा मसुदा सोबत आहे. दुसऱ्या भागात मी जे गृहीत धरलंय ते बरोबर आहे का, एवढंच सांगाल का?" यात तू नोकरी मागितलेली नाहीस. एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. अशा मेसेजला माणसं उत्तर देतात. दोन-तीनदा असं बोलणं झाल्यावर 'मी कामाच्या शोधात आहे, कुठे कळलं तर सांगा' असं लिहायला संकोच करू नकोस. तेव्हा ते मागणं वाटत नाही आणि समोरच्याला कुणापाशी तुझं नाव घ्यायचं झालं तर सांगण्यासारखं काहीतरी असतं.

तू भिडस्त आहेस, बोलताना अडतेस, याची काळजी आत्ता करू नकोस. हे सगळं लिहिण्याचं काम आहे. लिहिताना तुला विचार करायला वेळ मिळतो, शब्दकोश बघता येतो. या क्षेत्रातली अर्धीअधिक माणसं कुठल्या कुठल्या देशांत बसून तुझ्यासारखंच मोडकंतोडकं इंग्रजी लिहितात. बोलण्याचा सराव हळूहळू होईल. मुलाखतीआधी मैत्रिणीसमोर आपला प्रोजेक्ट मोठ्याने समजावून सांगत जा, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

प्रोजेक्टवरून आठवलं. तुझा शेतमालाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे. हा प्रोजेक्ट दरवर्षी कितीतरी मुलं करतात आणि मुलाखतीत सगळ्यांची विकेट एकाच प्रश्नावर पडते. तू बार्शीची आहेस, बाजार समिती पाहिली आहेस. समज, शेतकऱ्याची तूर आली, वजन झालं आणि आडत्याने हिशेबपट्टीत दोन किलो कमी लिहिले. तेच दोन किलो कमी साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदले गेले. आता ती नोंद कुणालाच बदलता येत नाही. म्हणजे खोटं कायमचं झालं. मग तुझ्या ब्लॉकचेनने शेतकऱ्याला काय दिलं? हीच नोंद बाजार समितीच्या साध्या डेटाबेसमध्ये ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

या प्रश्नाला तू कसं उत्तर देतेस यावर तुझी पारख होणार आहे. आडत्या, शेतकरी, व्यापारी आणि समिती या चौघांचा एकमेकांवर विश्वास नसेल, प्रत्येकाला नोंदीची सारखीच प्रत हवी असेल आणि कुणा एकाला ती मागाहून गुपचूप बदलता येऊ नये अशी अट असेल, तर ब्लॉकचेनचा थोडा उपयोग आहे. वजनकाटा थेट जोडला, पट्टीवर शेतकऱ्याचीही सही घेतली, तर आणखी थोडा. आणि तुला तपासाअंती असं वाटलं की इथे ब्लॉकचेनची गरजच नव्हती, तर तेही लिही. मनापासून सांगते, 'माझ्या प्रोजेक्टला ब्लॉकचेन का लागत नाही' असा अभ्यासून केलेला लेख घेऊन एखादी मुलगी आली तर मी तिला आधी बसवून घेईन. एक दिवस बाजार समितीत जा, पट्टी कशी लिहितात, तिच्या किती प्रती होतात, कुणाकडे कोणती जाते, भांडण झालं तर कुठली प्रत खरी मानतात, हे विचार. सॉलिडिटी येणारे खूप आहेत. सॉलिडिटी येते आणि हिशेबपट्टीही कळते असे फार थोडे, आणि तू त्यांतली होऊ शकतेस. तो लेख इंग्रजीत लिही आणि मराठीतही लिही. इथेरियमच्या संकेतस्थळाचं स्वयंसेवकांनी ज्या अनेक भाषांत भाषांतर केलं त्यांत मराठीही होती, पण आपल्याकडचे खरे प्रश्न घेऊन मराठीत लिहिणारं माणूस शोधावंच लागतं.

शिकण्याच्या दोन-तीन वाटा आहेत ज्यांत शिकता शिकता ओळखीही होतात. इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिप हा कार्यक्रम इथेरियमच्या मूळ यंत्रणेवर काम करू पाहणाऱ्यांसाठी असतो. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे निवड झाली नाही तरी आपण होऊन सहभागी होता येतं, काम आणि चर्चा खुली असते. विषय अवघड आहे, पण तू वाचत राहिलीस तर सहा महिन्यांत अंदाज येईल. लिनक्स फाउंडेशनच्या मार्गदर्शन योजनेत हायपरलेजरच्या (कंपन्या-संस्थांसाठीच्या खुल्या ब्लॉकचेन साधनांच्या) कुळातल्या प्रकल्पांसाठी नवखे लोक घेतात, विद्यावेतन देतात. आणि सुरक्षिततेच्या तपासणीच्या खुल्या स्पर्धा असतात, ज्यांत कंपनी आपला कोड ठेवते आणि कुणीही त्यातल्या चुका शोधतं. तिथे कॉलेज कुठलं ते कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी त्यातून पैसे मिळतील असं मात्र धरू नकोस. आधी जुने अहवाल वाच. २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डीएओ' या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं नाणं) ज्या चुकीमुळे गेले, ती चूक स्वतः छोट्या कराराचा (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोड लिहून, मोडून, परत दुरुस्त करून बघ. ओपनझेपेलिनचा 'इथरनॉट' हा खेळ याच अभ्यासासाठी आहे आणि फुकट आहे.

आता समोरासमोरच्या भेटी. बंगळुरूला २०१८ पासून इथइंडिया ही मोठी हॅकेथॉन (ठरावीक वेळात सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा) सुरू झाली, ती तू ऐकली असशील. पण तुझ्यासाठी त्याहून जवळची बातमी आहे. इथेरियम फाउंडेशनचं डेव्हकॉन हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठ्या संमेलनांपैकी एक. २०२४ मध्ये ते बँकॉकला झालं आणि त्यापुढचं, २०२६ च्या अखेरीस, मुंबईत भरणार असं जाहीर झालंय. लातूर-मुंबई एक्सप्रेस तुझ्या गावावरूनच जाते. आधीच्या डेव्हकॉनला विद्यार्थ्यांना सवलतीची तिकिटं होती, स्वयंसेवकही घेतले होते. तू स्वयंसेवक म्हणून अर्ज कर असं मी सुचवेन. भिडस्त माणसाला रिकाम्या हातांनी घोळक्यात शिरणं फार जड जातं. हातात काम असलं, लोकांना बॅज द्यायचेत, सभागृहात माइक पोहोचवायचाय, की बोलणं आपोआप सुरू होतं. जाण्याआधी वक्त्यांची यादी बघ, ज्यांच्या प्रकल्पात तू काहीतरी पाठवलं आहेस असे दोघे-तिघे हेर, आणि त्यांना भेटून एवढंच म्हण की ती दुरुस्ती पाठवणारी मीच. बाकी शंभर जणांना विझिटिंग कार्डं वाटत फिरू नकोस. आणि कुणाला काही पाठवते म्हणालीस तर घरी पोचल्यावर दोन दिवसांत पाठव. बहुतेक लोक पाठवत नाहीत, म्हणून पाठवणारा लक्षात राहतो.

पुण्यातही छोट्या बैठका होत असतात. त्यांना जा, पण तिथे सगळे नाणं कधी वर जाणार एवढंच बोलत असतील तर चहा पिऊन परत ये.

बंगळुरूला नोकरी हातात असल्याशिवाय जाऊ नकोस. तिथलं घरभाडं आणि अनामत बाबांच्या पगारातून भरून रोज लिंक्डइन उघडून बसायचं असेल तर ते बार्शीत बसूनही होतं. या क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या घरून काम देतात.

कोर्सचं उत्तर एका शब्दात देते: नको. नोकरीची हमी कोणताही क्लास देऊ शकत नाही, आणि शिकायचं साहित्य फुकट आहे. क्रिप्टोझॉम्बीज, सायफ्रिन अपड्राफ्ट या शिकवणाऱ्या संकेतस्थळांवरून सुरुवात कर. त्या ८५ हजारांतले थोडे पैसे चांगल्या इंटरनेटवर आणि लॅपटॉपची रॅम वाढवण्यावर घाल.

टेलिग्रामवरच्या अ‍ॅम्बॅसेडरकीबद्दल मला जास्त काळजी वाटते. त्यांना तुझं कौशल्य नकोय, तुझ्या कॉलेजातल्या मुलांचे नंबर हवेत. आज तू त्यांचं टोकन मित्रांच्या गळ्यात मारणार, उद्या ते कोसळलं तर सोलापूरच्या कट्ट्यावर नाव तुझं निघणार. आणि या क्षेत्रात नावाशिवाय आपल्यापाशी दुसरं भांडवल नाही. टोकनमध्ये मोबदला म्हणणाऱ्या कुणालाही आधी विचार: रुपयांत किती, आणि लेखी देणार का? टोकन विकून नफा झाला तर २०२२ पासून त्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

बाबांची भीतीही याच ठिकाणी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. गेनबिटकॉइनचं प्रकरण त्यांना आठवत असेल. दरमहा १० टक्के परतावा सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, एकाने दुसऱ्याला आणायचं अशी साखळी लावली, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. आपल्या राज्यातली कितीतरी घरं त्यात पोळली.

आणखी एक फसवणूक आहे जी खास नोकरी शोधणाऱ्यांसाठी बनवलेली आहे, म्हणून नीट वाच. लिंक्डइनवर एक रिक्रूटर येतो. छान बोलतो, पगाराचा आकडा मोठा सांगतो. मग म्हणतो, आमचा हा छोटा प्रोजेक्ट गिटहबवरून उतरवून घे, चालव आणि त्यातली एक चूक दुरुस्त करून दाखव, मुलाखतीआधीची चाचणी आहे. तू तो चालवतेस आणि त्यात दडवलेला कोड तुझ्या ब्राउझरमधले पासवर्ड आणि वॉलेट (डिजिटल नाण्यांचं पाकीट) घेऊन जातो. ही ऐकीव गोष्ट नाही. मे २०२४ मध्ये जपानच्या डीएमएम बिटकॉइन या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे ३० कोटी ८० लाख डॉलरचे बिटकॉइन चोरीला गेले. एफबीआयच्या म्हणण्यानुसार त्याची सुरुवात अशीच झाली: उत्तर कोरियाच्या हॅकरने लिंक्डइनवर रिक्रूटर बनून वॉलेटचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला नोकरीपूर्व चाचणी म्हणून पायथन भाषेतल्या कोडची लिंक पाठवली होती. चांगल्या चांगल्यांना हे कळलं नाही. म्हणून अनोळखी कोड आपल्या रोजच्या लॅपटॉपवर कधीच चालवायचा नाही. वेगळं व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारा स्वतंत्र संगणक) ठेव, ज्यात ना वॉलेट ना मेल. चालवण्याआधी पॅकेजच्या फाइलमध्ये स्थापनेबरोबर आपोआप काय काय चालणार आहे ते वाच. आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा खरंच आहे का ते बघ. कुणी घाई करायला लागलं की समजून जा.

बाबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना कामं दाखव. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करायचं काम प्रशासनाने हाती घेतलं, दाखला खरा की बनावट हे कुणालाही तपासता यावं म्हणून. शाळेत दाखल्यांचा घोळ त्यांनी आयुष्यभर पाहिला असेल, त्यांना हे लगेच पटेल. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'विश्वस्य' ही ब्लॉकचेनची राष्ट्रीय यंत्रणा सुरू केली. ती एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय सूचना केंद्राच्या) ज्या तीन ठिकाणच्या डेटा सेंटरवर चालते त्यांतलं एक पुण्यात आहे, बाकीची भुवनेश्वर आणि हैदराबादला. ती उभी करणाऱ्यांत सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे, तिचं मुख्यालयही पुण्यातच. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेनचं जाळं उभारायला मदत करणारा 'फॅल्कन' हा प्रकल्प गिटहबवर खुला केलाय. यांपैकी कशातही सट्टा नाही. फॅब्रिक ज्या गो भाषेत लिहिलंय ती शिकलीस तर साध्या सॉफ्टवेअर कंपनीतही तिचा उपयोग होतो.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगतेय, कारण तुला अंधारात ठेवायचं नाही. या क्षेत्रात नवख्यांसाठीच्या जागा मुळात थोड्या, आणि बाजार पडला की त्याही आटतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं तेव्हा अनुभवी माणसांनाही घरी बसावं लागलं. म्हणून पुण्यात साधी डेव्हलपरची नोकरी मिळाली तर ती घे. सकाळी तासभर आणि शनिवार-रविवारी आपलं हे काम चालू ठेव. पगार सुरू झाला की घरचा धाकही कमी होतो आणि वर्षभरात तुझ्याकडे अनुभव आणि ओळखी दोन्ही असतात. बँकेच्या परीक्षेचा अर्जही भरून टाकायला हरकत नाही, फक्त अभ्यास कुठल्या एकाच गोष्टीचा करायचा ते बाबांबरोबर बसून ठरव. दोन्हीकडे अर्धा अर्धा जीव घालून काहीच होणार नाही.

मैत्रिणीसाठी आहे, आणि तिला तू समजतेस त्यापेक्षा बरी संधी आहे. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लॉंडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. ग्राहकाची ओळख पटवणं, संशयास्पद व्यवहार वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणं, नोंदी ठेवणं हे त्यांना बंधनकारक आहे, आणि त्याला वाणिज्य शाखेची माणसं लागतात. व्यवहारावरचा एक टक्का टीडीएस, ताळेबंद, हेही आहेच. तिला म्हणावं, आधी तो कायदा आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाच, मग इथेरियमवरचा एखादा व्यवहार इथरस्कॅन या सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर उघडून पैसा कुठून कुठे गेला याचा माग काढायला शीक. तो माग कसा काढायचा हे तिला तू शिकव, आणि केवायसीची कागदपत्रं कशी वाचायची ते तिच्याकडून तू शिकून घे.